सत्तेचाळीस गुणिले तीन

…आणि वर मंडळातली माणसं मलाच फोन करून विचारतात, "नाना, मोदक कसे झाले होते?" कसे झाले होते! तुम्हाला सांगतो, असा संताप आला... पण संतापायचं कोणावर? माझंच चुकलं असेल म्हणा!

आता बघा, कोलकात्यात आपली मराठी माणसं मूठभर, आणि त्या मुठीचीही बोटं चार दिशांना. गणपतीत एका रविवारी आमचं मंडळ एकत्र जेवतं, आणि उकडीचे मोदक करतात अलकाताई, एकट्या! गेल्या वर्षी किती माणसं येणार ते त्यांना मी सांगितलं होतं. मी म्हणालो सत्तर, आली एक्केचाळीस. तुम्ही म्हणाल, होतं असं. अहो, पण मी सांख्यिकीत डॉक्टरेट केलीय! प्रबंधाचा विषय काय, तर एकच माणूस दोनदा मोजला गेला तर काय करावं! अलकाताईंनी यंदा बजावलंच, "नाना, शनिवारी दुपारी बारापर्यंत पक्का आकडा. एक मोदक उरला किंवा एक कमी पडला, तर पुढच्या वर्षी पेढे वाटा."

पेढे! म्हणजे मंडळात पुढची पन्नास वर्षं काय सांगणार, की मोदक बंद पडले ते नानांमुळे! चार दिवस मला अन्न गोड लागेना.

शेवटी सुरुचीला, म्हणजे सुनेला, विचारलं. ती डेटाच्या कंपनीत आहे. म्हणाली, "बाबा, आमच्याकडे एक क्वेरी इंजिन आहे, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काढून देणारं, एसक्यूएल भाषेवर चालतं. माहिती दहा ठिकाणी असते, दहा तऱ्हांची, पण ती हलवायची नाही. प्रश्नच तिकडे पाठवायचा, तिथल्या तिथे मोजायचं, नुसती उत्तरं आणून जोडायची. इंजिन स्वतःजवळ काहीच ठेवत नाही."

मी म्हटलं, "महाग असेल."

"छे! ओपन सोर्स. कोणीही उघडून बघावं, चूक काढावी, बदल सुचवावा."

म्हणजे आमचं मंडळच की हो!

तर झालो मी इंजिन. तीन ठिकाणी प्रश्न धाडला, "तुमच्याकडून किती?" डमडमला कुसुमताई, त्यांची यादी कॅलेंडरच्या पाठीमागे, दुधाच्या खाड्यांशेजारी. बालीगंजला अविनाश, त्याची एक्सेलमध्ये, रंगीत! आणि बँकवाल्यांची अनिलच्या डोक्यात. कुसुमताई म्हणाल्या सतरा, अविनाश म्हणाला बावीस, आणि अनिल... अनिल काही बोलेचना! मेसेजवर दोन निळ्या खुणा आणि पुढे सामसूम. सुरुची म्हणते, "बाबा, एक वर्कर, म्हणजे मोजणारा एक संगणक, पडला की अख्खी क्वेरी पडते." पडते? मग मी काय करू? शनिवारी सकाळी मेट्रो पकडली, एस्प्लनेडला उतरलो, घामाने थबथबलेला त्याच्या बँकेत उभा राहिलो. तो म्हणतो कसा, "अरे नाना! एवढ्यासाठी आलात? चौदा. चहा घ्या." एवढ्यासाठी! माझंच चुकलं असेल म्हणा, फोनवर नीट विचारलं नसेल मी...

सतरा, बावीस, चौदा. त्रेपन्न. आता दुसरा कोणी तेवढ्यावर थांबला असता. पण मी थांबतो का? नावं मागवली, एकेक ताडून पाहिली. कुसुमताईंच्या यादीत शेवटी "नाना-काकू". अविनाशच्या रंगीत यादीत पिवळ्या रंगात "नाना-काकू". अनिलने बोटं मोजली आणि म्हणाला, "आणि तुम्ही दोघं, अर्थात!" आम्ही दोघंच तीनदा! दोनदा नव्हे हो, तीनदा! प्रबंधात हा प्रकारच नव्हता!

लगेच फोन. "कुसुमताई, आम्हाला वगळा." त्या म्हणतात, "अगोबाई, असं कसं? तुम्ही आमचेच ना!" म्हटलं, सगळेच 'आमचेच' म्हणतात म्हणूनच घोटाळा होतो, वगळा! अविनाशला सांगितलं, पिवळी ओळ पूस. अनिलला म्हटलं, दोन बोटं मिट. पंधरा, वीस, बारा. सत्तेचाळीस! माणशी तीन, एकशे एक्केचाळीस मोदक. अलकाताई स्वतः कुठल्या यादीत आहेत तेसुद्धा विचारून घेतलं, कुसुमताईंच्या होत्या. बाराला पाच कमी असताना आकडा दिला आणि दिवसभर तो पुन्हा पुन्हा ताडत बसलो. प्रत्येक वेळी सत्तेचाळीस!

रविवारी पंगती बसल्या. व्यवस्थेतली माणसं म्हणून मी आणि आमची सरला सगळ्यांत शेवटी. वरण आलं, भात आला, भाजी आली, अळू आलं... आणि मोदकाचं पातेलं घेऊन अविनाश माझ्यासमोर वाकला आणि तसाच राहिला. पातेल्यात केळीचं पान. नुसतं पान! सरलाने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं तशी पाहतेय, पण यंदा जरा जास्त वेळ.

"अहो, आपल्याला कोणाच्या यादीत धरलं होतं?"

सुरुची हळूच म्हणाली, "बाबा, इंजिन स्वतःजवळ काहीच ठेवत नाही, मी सांगितलं होतं..." तिच्या वाटणीचे मोदक? ते तिने केव्हाच खाल्ले होते. ती अविनाशच्या यादीत होती ना!

तेवढ्यात अलकाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "एक उरला नाही, एक कमी पडला नाही! नाना, आता दर वर्षी आकडा तुम्हीच द्यायचा." सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या हो! आता त्या टाळ्यांत उठून सांगू, की माझंच चुकलं?

मीही वाजवल्या. हात मोकळेच होते.