शार्कच्या पाठीवरचे गोल डाग

मुलगी : आणि त्या आल्या की शार्कचा विषय काढायचा नाही, बाबा.

वडील : मग काय काढू? तीस वर्षं शार्कच्या अभ्यासाशिवाय दुसरं काय केलंय मी? त्यांचाही जन्म स्क्विडच्या, त्या दहा भुजांच्या समुद्री प्राण्याच्या, मागेच गेला.

मुलगी : हवापाण्याचं बोला. त्या माझ्या सासूबाई व्हायच्यात. एका फोटोवरून अकरा वर्षं पत्रांतून भांडताय दोघं.

वडील : भांडत नाही, त्यांची चूक दाखवतोय. शार्कच्या पाठीवर स्क्विडच्या भुजांवरच्या चिकटणाऱ्या वाट्यांचे गोल डाग आहेत. म्हणजे शार्क त्याला खायला गेला, तो सुटायला धडपडला. शेंबडं पोरही सांगेल. या म्हणतात, स्क्विडनेच शार्कला धरलं. उद्या म्हणतील, उंदराने मांजर पकडलं.

मुलगी : त्यांनी विषय काढलाच, तर एकदाच म्हणा, 'तुमचंच बरोबर.' माझ्यासाठी.

वडील : त्यापेक्षा किडनी माग.

(दारावरची घंटा वाजते. विहीणबाई येतात. चहा येतो.)

विहीणबाई : चहा छान झालाय. तर, भिंतीवरचा हाच तो फोटो.

मुलगी : बाबा.

वडील : हो, हो. मी पुन्हा विचार केला, बाई. स्क्विडनेच आधी धरलं असणार. तुमचंच बरोबर.

विहीणबाई : माझी पर्स कुठे ठेवलीस गं?

मुलगी : काकू, काय झालं? बसा ना.

विहीणबाई : अकरा वर्षांत यांनी माझा एक स्वल्पविराम धड जाऊ दिला नाही. आणि आज मुलीच्या लग्नासाठी लोणी लावताहेत. मी काय लाच घ्यायला आलेय?

मुलगी : मीच सांगितलं त्यांना तसं म्हणायला. लग्न मोडू नका, काकू.

विहीणबाई : लग्न कोण मोडतंय? तू मला केव्हाच पसंत आहेस. राग यांचा आलाय. खरं सांगू? त्या डागांवरून कोणी कोणाला आधी धरलं, हे मलाही सांगता येत नाही.

वडील : मग अकरा वर्षं कशासाठी चाललं होतं?

विहीणबाई : आमचे हे गेल्यापासून घरात माझ्याशी कोणी वाद घालत नाही. मुलगा 'हो आई' म्हणतो आणि खोलीत जातो. तुमचं बारा पानी पत्र आलं की महिना बरा जायचा.

वडील : चौदा पानी.

विहीणबाई : बारा. दोन पानांवर नुसता संताप होता.

मुलगी : बाबा, चहा निवतोय.

वडील : निवू दे. पर्स खाली ठेवा, बाई. तुमचं साफ चुकलंय, आणि कुठे ते सांगायला मला वेळ लागेल. जेवूनच जा.