वालाच्या राखणीचा बेत

वाचकहो, पेणच्या एसटी स्थानकावर रोह्याच्या गाडीसाठी उभ्या असलेल्या कासूच्या पुंडलिकाच्या कर्णी जो संवाद पडला, तो येथे यथामती सादर करीत आहे. त्याच्यापुढे नूतन नावाची संशोधक कन्या व तिची हौसामावशी उभ्या होत्या.

“मावशी, सरकारनं प्रकल्पाचा निधी थांबवला. राखणदार गेला. वालाच्या शेंगा वाळेपर्यंत टिकल्या नाय, तर बियाणं नाय आणि माझी पीएचडीपण नाय.”

“शेंगा नेतंय कोण गो?”

“पोपटी लावणारी पोरं. माझा तीन वर्षांचा प्रयोग मडक्यात भाजून खातील.”

“मग आपणच पोपटी लावू. वाल माझ्या शेतातला, बांध तुझ्या प्रयोगाचा. सगळ्या चोरांना आवतण दे.”

“चोरांना?”

“पोटभर खाऊन तिथंच गप्पा हाणतील. मग चोरायला उरलं कोण?”

“आणि गाईडनं विचारलं तर?”

“सांग, राखणदार वाढवले.”

नूतनला हसू आवरेना. पुंडलिकासही राहवले नाही.

“मावशी, मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला मी आणू?”

“तुम्ही शेंगा चोरता?”

“लहानपणापासून.”

“मग या. पण उपाशी या.”

आपण अमूल्य वेळ देऊन वाचन केलेत, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आपला नम्र,
हरेश म्हात्रे, रामवाडी