इंजिनच्या सत्काराला दोन शब्द

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या क्लबचे उत्साही सेक्रेटरी, पळून पळून वाळलेले आणि आज चक्क इस्त्रीच्या कपड्यांत आल्यामुळे ओळखू न येणारे सर्व सभासद, आणि त्यांची वाट बघण्यात मुरलेली त्यांच्या घरची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

सेक्रेटरी भाऊजींनी मला बजावलंय, "वहिनी, दोनच शब्द हं." भाऊजी, मी दुकानदार बाई आहे. दोन शब्दांत आमच्याकडे चष्म्याची दांडीसुद्धा विकली जात नाही.

आज ज्यांचा सत्कार आहे त्यांना तुम्ही प्रेमानं 'इंजिन' म्हणता. मी त्यांना 'अहो' म्हणते, आणि बहुतेक वेळा ते घरात नसल्यामुळे भिंतींनाच म्हणते. पहाटे हे पळायला जातात, दुकान मी उघडते. सुट्टीच्या दिवशी बाकीचे नवरे लोळतात, तेव्हा आमचे तीन गावं ओलांडून परत आलेले असतात. मानपत्रात लिहिलंय की यांच्या यशामागे पत्नीची भक्कम साथ आहे. अगदी खरं आहे. मोजे मीच धुते. तुमच्यापैकी ज्यांनी लांब पल्ल्याचे मोजे धुतलेत, त्यांना या साथीची किंमत कळेल.

विनोद बाजूला ठेवते. यांची जिद्द मी जवळून पाहिली आहे आणि मला तिचा अभिमान आहे. दुकानाच्या पायऱ्या चढून दमणारा हा माणूस पळायला लागला आणि बघता बघता त्याची साखर आली ताब्यात, झोप सुधारली, चिडचिड गेली. तिथेच थांबले असते तर आज मी खाली बसून टाळ्या वाजवत असते. पण अर्ध्या दिवसाच्या शर्यती झाल्या, मग अख्ख्या दिवसाच्या. दरवेळी तुम्ही विचारायचात, "इंजिन, पुढे काय?" आणि यांना 'काही नाही' म्हणता येत नसे.

यांच्या मनगटावरचं घड्याळ तुम्हाला माहीत आहे. हृदयाचे ठोके मोजतं. मागच्या हिवाळ्यात ते पळताना मध्येच भलतेच आकडे दाखवायला लागलं. हे घरी येऊन म्हणाले, "घड्याळ बिघडलंय." घड्याळवाल्याशी भांडून नवं आणलं. महिन्याभरात तेही बिघडलं. तिसरं आणलं. आमच्या दुकानात गिऱ्हाइकानं चष्म्याला नावं ठेवली की हेच म्हणतात, "साहेब, काचेवर का रागावता? आधी डोळे तपासा." तोच माणूस लागोपाठ दोन घड्याळं बदलतो, याला काय म्हणावं?

अहो, डोळे वटारू नका. अजून कौतुकच चाललंय.

तर एका दुपारी हे स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा खोका काढत होते आणि काउंटरवर कोसळले. क्षणभरच. उठून हसले, गिऱ्हाइकालाच पाणी विचारलं. मी शटर ओढलं आणि यांना हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी, स्वतः पळणारी. तिनं सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाली, "काका, मला पळण्याचा राग नाही. पळणाऱ्याचं हृदय थोडं मोठं होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, बहुतेकांना ते मानवतं. तुम्हाला नाही मानवलं. हृदयाच्या उजव्या बाजूच्या स्नायूवर व्रण पडलेत. जोरात, खूप वेळ पळताना ठोक्यांची लय सुटू शकते. सुटली तर रस्त्यातच सगळं संपेल."

हे म्हणाले, "मग जरा हळू पळतो."

ती म्हणाली, "चाला. शर्यत नाही. एकही नाही."

बाहेरच्या बाकावर बसून यांनी मला काय सांगावं? "क्लबात कळता कामा नये. एवढा सत्कार होऊन जाऊ दे."

म्हणजे सभासदहो, घाबरून उद्या पळणं बंद करू नका. डॉक्टरनं तसं सांगितलेलं नाही. छातीत धडधड झाली, चक्कर आली, तर घड्याळ बदलू नका, एवढंच.

आत्ता येताना या सभागृहाच्या दारात, बूट पुसता पुसता हे म्हणाले, "आज फक्त छान छान बोल. एक शब्द जास्त बोललीस तर माझी शपथ आहे तुला." आता सांगा अध्यक्षमहाराज, बोलले तर शपथेनं यांचं बरंवाईट, न बोलले तर शर्यतीनं. बायकोनं जावं कुठे? मला वाटलं, सत्कार उरकेल, घरी नेऊन समजावीन. तेवढ्यात सेक्रेटरींनी इथून जाहीर केलं की पुढच्या रविवारी शंभर किलोमीटरला इंजिन सर्वांत पुढे! तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मी यांचा चेहरा बघत होते. हे हसत होते, पण खुर्चीचा हात असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. त्या टाळ्यांतून यांना उठून जाता येत नव्हतं आणि मला बसवत नव्हतं.

आणि आपल्या क्लबची रीत! सत्कारमूर्तीच्या छातीवर पुढच्या शर्यतीचा नंबर घरच्या माणसानं लावायचा. मोठी सुंदर रीत आहे. गेली कित्येक वर्षं यांच्या प्रत्येक सत्काराला मी हौसेनं लावत आले. आत्ता भाऊजींनी नंबर आणि चार पिना माझ्या हातात दिल्यात. फोटोवाले दादा खालून खुणावताहेत, वहिनी, जरा डावीकडे.

दादा, कॅमेरा खाली ठेवा. हा नंबर मी लावणार नाही.

भाऊजी, घंटा वाजवू नका, संपतच आलंय. या टेबलावर मी नंबर ठेवते. कुणाला तो यांच्या छातीवर लावायचा असेल त्यांनी वर यावं. मी अडवणार नाही. फक्त लावण्याआधी तळहात तिथे टेकवून थोडा वेळ ठोके मोजावेत. मी रोज रात्री मोजते.

कुणीच येत नाही? मग मी तुमची मनापासून ऋणी आहे. या माणसाला इतकं नाव, इतका मान दिलात त्याबद्दल तुम्हा सर्वांचे, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आभार. समारंभाचा रंग मी घालवला. बोलण्यात उणंअधिक झालं असेल ते सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं.

यांनी नाही घातलं तरी चालेल. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, दिसतंय मला. रागावू देत. पुढची वीस वर्षं रागावून बसू देत. मला ती वीस वर्षं हवी आहेत.