सईदभाईंचं जाम इंजिन

...आणि वर सईदभाईंची बायको म्हणते काय, 'अहो, नुसती किक मारून तर बघा.' नुसती म्हणे. तुम्हाला सांगतो, नाते गावच्या आमच्या सईदभाईंनी कुवेतला वीसपंचवीस वर्षं बावीस चाकी ट्रेलर हाकला, वाळूच्या वादळात, स्वतःचं बोनेट दिसत नसताना, आणि गडी कधी डगमगला नाही. पण घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली ती सासऱ्यांची जुनी काळी फटफटी उभी आहे, एवढं नुसतं आठवलं तरी तळहाताला घाम फुटायचा. हसू नका. माणसानं भ्यायचं नाही तर काय करायचं?

कारण ऐका ना. सत्तावीस वर्षांपूर्वी हेच सईदभाई बायकोला, साजिदाला, मागं बसवून पोलादपूरला तिच्या माहेरी निघाले होते. तिला सातवा महिना. पोलादपूर चारेक किलोमीटर राहिलं, वळणावर खडी आली, मागचं चाक सटकलं आणि दोघंही रस्त्यावर. साजिदाचं कोपर खरचटलं, बाकी काही नाही. दोन महिन्यांनी मुलगी झाली, माहरुख, चांगली गुटगुटीत, आज पनवेलला बँकेत आहे. पण त्या दिवशी रस्त्यात पडल्या पडल्या साजिदानं पोटावर हात ठेवला, आणि आत काही हलतंय का, म्हणून क्षणभर जे डोळे मिटले... तो क्षण सईदभाईंच्या छातीतून पुन्हा निघालाच नाही. गाडी टेम्पोतून घरी आणली, पडवीत लोटली, आणि विचारेल त्याला सांगितलं, 'इंजिन जाम झालंय.'

मग कुवेत. सुट्टीवर आले की साजिदा म्हणायची, 'ती गाडी काढायची का या खेपेला?' हे म्हणायचे, 'पुढच्या खेपेला.' यंदा झाली पंचाईत. यंदा कायमचे आले. पुढची खेपच उरली नाही!

तर बाईनं सरळ पोलादपूरहून मंगेश मेकॅनिकला बोलावलं. त्यानं ताडपत्री ओढली, आणि सईदभाई मनातल्या मनात दुवा मागायला लागले, की काहीतरी असं निघू दे जे दुरुस्तच होणार नाही. एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घर निघालं. सईदभाई खूश. 'कामातून गेली ना रे?'

'व्हतंय, चाचा.'

टाकीतून चहासारखं गंजाचं पाणी आलं. 'आता तर गेलीच.'

'व्हतंय वो, चाचा.'

मग मंगेशनं प्लग काढला, हातानं किक दाबली. किक आपली गुपचूप खाली गेली. 'चाचा, जाम कुठं हाय? लोण्यावानी फिरतंय. दरसाल कुणीतरी यात तेल सोडलंय. नायतर एवढ्या वर्षांत खरंच धरलं असतं.'

आणि दारातून साजिदा म्हणते, 'मी सोडत होते. दर पावसाळ्याआधी.'

सईदभाई गर्रकन दाराकडं वळले. 'तुला... माहीत होतं?'

'पडलो तेव्हा तुम्ही रडत होता,' ती म्हणाली, 'आणि इंजिन चालूच होतं. चावी फिरवून मीच बंद केलं.'

आता सांगा, सत्तावीस वर्षं सांभाळलेली थाप, आणि बायको तिला दरसाल तेलपाणी करतेय. माणसानं भ्यायचं नाही तर काय करायचं?

महिनाभरात टायर नवे, केबली नव्या, कागद नवे. आणि एका रविवारी सकाळी साजिदा बुरखा नीट आवरून मागं बसली. 'चला. चार किलोमीटर राहिलेत माझे.'

गेले, बिचारे गेले. ताशी वीस. महाड सोडलं आणि हायवेला लागले, तर कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जातात, सहा आसनी रिक्षा हॉर्न मारून जातात, सिमेंटची गोणी पायाशी घेतलेला एक म्हातारा स्कूटीवरून पुढं गेला आणि मागं वळून काळजीनं बघून गेला. सईदभाईंचं लक्ष कुठं आहे? ते वळण शोधतायत. हे असेल. नाही, हे नाही. पुढचं असेल. दात आवळलेले, खांदे कानाला लागलेले, मागं साजिदा गप्प. ती गप्प म्हणजे तीही भ्यालीय, हा नवीन घोर. आणि असं करता करता समोर पोलादपूरची पाटी.

गाडी बाजूला घेतली. 'साजिदा, ते वळण?'

'ते नाही आता. चौपदरी करताना काढलं, रस्ता सरळ झाला.'

'मग सांगायचं नाही का?'

'सांगितलं असतं, तर म्हणाला असता, सरळ रस्त्याला गाड्या जोरात येतात. निघालाच नसता तुम्ही.'

खरं होतं ते. तिथंच रस्त्याच्या कडेला सईदभाईंनी हेल्मेट काढलं, तोंड पुसायचं निमित्त करून डोळे पुसले, आणि साजिदानं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, भर हायवेला, लोक बघत असताना.

संपलं म्हणता? कसलं संपतंय. माहेरी तिच्या भावाकडं, अर्शदकडं, जेवण झालं, आणि हात पुसता पुसता बाई म्हणते, 'आता मला शिकवा.'

तेव्हापासून रोज सकाळी गावच्या माळावर साजिदा पुढं आणि सईदभाई मागं. ब्रेक तिच्या पायाखाली आहे, यांच्या पायाखाली काही नाही. तरी तुम्हाला सांगतो, बिचारे सगळा वेळ तोच दाबत असतात.