डिस्क वाचवली, माणूस गेला

मले नेटवर्कमधला हुशार म्हणता, तं हे आयका. भंडाऱ्याच्या आमच्या हापिसात एकोडीच्या केंद्रावरचे ऑपरेटर सुखदेवभाऊ शेतकऱ्यांचे धानविक्रीचे ऑनलाइन अर्ज पाठवत. इकडे अर्जात जमिनीचे गट नंबर चुकीचे निघत. साहेब म्हणत, चूक सुखदेवचीच.

चूक कुठं होते ते पाहाले मी नेटवर्कच्या स्विचवर मिररिंग लावलं. येणाऱ्या साऱ्या डेटाची नक्कल एका कॉम्प्युटरात जमा होऊन राहिली होती. डिस्क भरू नये म्हणून डेटा ज्या तुकड्या-तुकड्यानं येते, त्या दर पाकिटाचे पहिले चौसष्ट बाईटच ठेवायची सेटिंग केली. स्वतःवर खूशही झालो.

आठ दिवसांनी सुखदेवभाऊ आले. "भाऊ, तुमच्यापाशी नक्कल आहे म्हणे. दाखवा साहेबाले, मी कोणता नंबर पाठवला ते."

उघडून पाहतो तं त्या चौसष्ट बाईटांत कुठून आलं अन् कुठं गेलं, एवढंच. आतला अर्ज कापलेला.

"म्हणजे पत्ता ठेवला अन् चिठ्ठी फेकली?"

त्यांचं काम गेलं. महिन्याभरानं कळलं, आमचाच सर्व्हर ते नंबर बिघडवत होता. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा पुढं केला अन् विचारलं, "मंग डिस्क भरली होती का, भाऊ?"

अर्धीबी भरली नव्हती.