तीन नंबर म्हणजे चौथा खण

मी वनिता, वडप्याची. आता जिथं गोदामांचे पत्रे चमकतात ना, तिथं आमचं खळं होतं, त्या खळ्यावर माझा बापूस भात मोजायचा. पहिल्या पायलीला एक म्हणायचं न्हाय, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं. एकदा बाहेरगावचा व्यापारी आला, त्याला वाटलं लाभ म्हणजे देवाचं नाव, त्यानं ती पायली धरलीच न्हाय, शेवटी एका पायलीचा फरक आला नि असं भांडण पेटलं की आख्खी आळी गोळा झाली. तेव्हा बापूस मला म्हणाला, वने, समोरचा कुठून मोजतो ते आधी विचारायचं. काय सांगू तुम्हाला, त्याच्या या एका वाक्यावर मी नोकरी केली आणि त्याच वाक्यापायी घालवली.

जमीन गेली, गोदाम आलं, त्याच गोदामात मी कॉम्प्युटरला लागले. कंत्राटावर. सहा वर्षं कंत्राटावर, हे लिहा तुम्ही, नीट लिहा. ऑफिसात सर्व्हर होता, त्याला पाच खण, पाच खणांत पाच डिस्क, पण पाची मिळून कोठार एकच. कुठला माल कुठल्या रॅकवर, हमालांची सहा वर्षांची हजेरी, सगळं त्यात पसरलेलं. एक डिस्क मेली तर उरलेल्या चौघी तिचं काम ओढतात, आणि मशीन चालू ठेवूनच मेलेली काढून नवी घालता येते, नवी मग त्या चौघींवरून भरत जाते. पण त्या चौघींतली आणखी एक गेली की सगळं बंद. जास्तीची एक डिस्क आणून ठेवा म्हणून मी तीन अर्ज दिले होते. गोदामाचे साहेब म्हणायचे, चालतंय ना? मग चालू दे.

एका सकाळी एक मेलीच. मग पळापळ, नवी डिस्क आली, मुंबईहून इंजिनिअर फोनवर. तो म्हणाला, तीन नंबर निकालो. मी विचारलं, सर, शून्यापासून तीन की एकापासून? मशीन शून्यापासून मोजते, आपल्या खणांवरचे स्टिकर एकापासून, म्हणजे मशीनचा तीन तो आपला चौथा खण. तर तो हसला, म्हणाला, मॅडम, तीन मतलब तीन. मी म्हटलं, थांबा, डिस्कवर छापलेला नंबर मशीनवरच्याशी ताडून बघते, दोन मिनिटं. साहेब मागं उभे, बाहेर गाड्या लागलेल्या, ते म्हणाले, ए वनिता, इथं शाळा भरवू नकोस, सरक. मी म्हटलं, साहेब, न्हाय, तो चांगला खण हाय. तोवर त्यांनी तिसरा खण ओढला पण.

सगळं बंद. हमालांच्या हातातले स्कॅनर मुके, डॉकवर गाड्या अडकलेल्या, आणि साहेब? साहेब खुर्चीत बसून मला विचारतायत, आता गं? आता गं काय! मी तिसरी डिस्क परत घातली, तेव्हापासून नवं काही लिहिलं गेलं नव्हतं म्हणून चौघींना जबरीनं पुन्हा जोडता आलं, कोठार उघडलं, मग नंबर ताडून चौथा खण काढला नि नवी घातली. संध्याकाळपर्यंत ती भरली. एक हजेरी हरवली न्हाय. हमालांचा मुकादम म्हणाला, बहेन, हमारे छह साल बचा लिये तूने.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागद. त्यावर लिहिलेलं, माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीची डिस्क काढली गेली, खाली माझ्या सहीची जागा. साहेब गोड बोलत होते. वरच्यांना कुणाचं तरी नाव लागतं गं, सही कर, नोकरी राहते, न्हायतर उद्यापासून येऊ नकोस. सांगा मला, सहा वर्षं ज्या बाईच्या हातावर यांचं गोदाम चाललं तिला यांनी सहा वर्षांत कायम केली न्हाय, आणि चूक मात्र तिच्या नावावर कायम करतात?

मी सही केली. हो, केली. पण आधी त्याच कागदावर खाली लिहिलं, तिसरा खण साहेबांनी ओढला, मी न्हाय म्हटलं होतं. आणि त्याच्याखाली सही ठोकली.

गेटवर माझा पास काढून घेतला. त्या गेटचा खांब जिथं रोवलाय ना, तिथंच बापूस मापाला बसायचा.

आता मी नारपोलीत कॉम्प्युटरचा क्लास घेते, पॉवरलूमवर काम करणाऱ्यांच्या पोरी येतात. पहिल्या दिवशी एक तरी विचारतेच, मॅडम, ये ज़ीरो से क्यों गिनता है? मी सांगते, कोण कुठून मोजतो ते विचारत जा, आणि खरं काय ते लिहिल्याशिवाय सही करू नका. पोरींचं पहिलं माप लाभाचं होवो. साहेबांना मी शाप देत न्हाय. त्यांनाही एकदा शून्यापासून मोजायला लागू दे, एवढंच.