अकरा मीटरचा वेल

...नाही, पण मी म्हणतो, माणसाने आपल्याच घरात टीव्ही वाकून वाकून का बघायचा? सांगा ना! बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावर पान, हवामान सांगतात तेव्हा निम्मा देश पानांखाली, आणि फुटबॉलची मॅच असली तर उजव्या कोपऱ्यातला गोल मला दुसऱ्या दिवशी पेपर वाचून कळतो! का? तर मनीप्लँट! आणि साधासुधा नाही हं... खिडकीतल्या कुंडीतून निघतो, पडद्याच्या दांडीवरून टीव्हीवर उतरतो, परत वर चढतो, कपाटावरून, आमच्या लग्नाच्या फोटोवरून, बाल्कनीच्या दारावरून जातो आणि स्वयंपाकघराच्या चौकटीशी थांबतो. थांबतो म्हणजे, सध्या! अकरा मीटर. मी स्वतः मोजलाय. अहो, एकतीस वर्षं या रुसे गावात ट्रॉलीबस चालवली मी, बारा मीटरची, त्यामुळे अकरा मीटर म्हणजे काय ते मला विचारा. वळणावर मागचं टोक कुठे आहे ते कळत नाही!

तर ऑगस्टअखेरीस आमची लेक इल्याना तिकडे वर्नाला बाळंत झाली, आणि आमची बायको बिस्त्रा निघाली सहा आठवड्यांसाठी. खाली टॅक्सी हॉर्न मारतेय, हातात बॅग, आणि ही दारात वळून मला सांगते कशी, "मेतोदी, तुला काही म्हणजे काही करायचं नाहीये. फक्त पाणी घालायचं!"

फक्त पाणी घालायचं! ऐका आता... "रोज नाही हं. आधी मातीत बोट घाल. दोन पेरं कोरडी लागली तरच घाल. नळाचं थेट नको, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घाल. बशीत साचू देऊ नकोस, मुळं कुजतात. पानं ओल्या फडक्याने पूस, खालून हात धरून पूस. आणि ओढू नकोस रे!" अहो, आमची लेक वाढवताना एवढ्या सूचना नव्हत्या! तिला तर कुठे पोचतं करायचं असलं की बसमध्ये मागे बसवायचो!

पण घातलं. पाणी घातलं, बोट घातलं, पानं पुसली. रोज संध्याकाळी फोनवर आमचा सौदा. बिस्त्रा म्हणायची, "आधी नात बघ, मग मला वेल दाखव." नात जांभई द्यायची, मी वेल दाखवायचो, ती म्हणायची, "अगं बाई, नवं पान!" एवढी खूश ती नातीच्या जांभईवरही व्हायची नाही, असं आपलं मला वाटायचं. तीन आठवडे सगळं सुरळीत.

मग आल्या मिरच्या.

आता सप्टेंबरात आमच्या इमारतीत हिवाळ्यासाठी मिरच्या न भाजणारा माणूस म्हणजे एकतर आजारी नाहीतर परगावचा. मीही आणल्या वीस किलो, ढोबळ्या, लाल, गोड, आणि बाल्कनीत भट्टी लावून बसलो. वारा सुटला डॅन्यूब नदीवरून! धूर सगळा घरात! मी म्हटलं पानांवर काजळी बसेल, बिस्त्राने पुसायला सांगितलंय... म्हणजे बघा हं, काळजीपोटी! काळजीपोटी मी बाल्कनीचं दार धाडकन ओढलं... आणि टच्.

एवढासा आवाज. टच्. मी वर बघितलं. दारावर आलेला वेल जरा सैल झाला होता, तो सापडला फटीत. सात मीटर खिडकीकडे, चार मीटर माझ्या खांद्यावर! सत्कारात हार घालतात ना, तसा!

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत एक कुत्रंसुद्धा चिरडलं नाही मी! आणि आता हे! चिकटपट्टी आणली. जोडला. वरून बँडेज बांधलं. संध्याकाळी फोन आला तर खिडकीकडचीच बाजू दाखवली. ती म्हणते, "दारावरचा दाखव ना." मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय तुझा..." आणि ठेवला! मागून इल्याना विचारत होती, "आई, बाबांना एवढा घाम का आलाय?"

चौथ्या दिवशी त्या चार मीटरने माना टाकल्या. एक पान तर माझ्या देखत पिवळं पडलं. मी आपला जिन्यात बसलो डोकं धरून. समोरच्या दोब्रिन्का मावशी आल्या, वय त्र्याऐंशी, हातात कचऱ्याची पिशवी. म्हणाल्या, "काय रे, कोण गेलं?"

सांगितलं सगळं. मावशी हसल्या की हो! "अरे वेड्या, मनीप्लँट कधी मरतो का? काप आणि पाण्यात ठेव."

"आणखी कापू?"

"मग काय! जिथे पान फुटतं तिथे गाठ असते बघ. प्रत्येक तुकड्याला एक पान नि एक गाठ. गाठ पाण्यात बुडव, पान बाहेर ठेव. आठवड्याला पाणी बदल. बस, फक्त पाणी घालायचं!"

पुन्हा तेच! फक्त पाणी घालायचं! पण आता पर्याय होता का? दह्याच्या रिकाम्या बरण्या काढल्या, संपल्या, मग राकियाचे, आमच्या त्या फळांच्या दारूचे, पेले काढले... राकिया कुठे गेली विचारू नका, पेले रिकामे करावेच लागतात. सव्वीस तुकडे! स्वयंपाकघरात पाव ठेवायला जागा नाही. रोज सकाळी चष्मा लावून एकेक बरणी उजेडात धरून बघायची. काही नाही. काही नाही. आणि आठव्या दिवशी, नवव्या बरणीत, एक पांढरा ठिपका! मी ओरडलोच, "मावशी, फुटलं! मूळ फुटलं!" त्या समोरून ओरडल्या, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

तर बिस्त्रा आली. रविवारी दुपारी. बॅग खाली ठेवली, वर बघितलं. दारावर नुसते खिळे. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, धूर, दार, चिकटपट्टी, फोन, सगळं.  ती हळूच सोफ्यावर बसली... आणि हसायला लागली! डोळ्यांत पाणी येईपर्यंत!

"अरे, तो तुझा वेल होता ना?"

"माझा?"

"मग कोणाचा? डेपोतल्या लोकांनी तुला निवृत्तीला दिलेला. आल्यागेल्याला सांगायचास, अकरा मीटर, अकरा मीटर! मला वाटलं, बस गेली याची, निदान हे तरी लांबलचक राहू दे. कपाटावर टक्कल पडलंय त्याला, केव्हाच छाटायला हवा होता. पण तुझं मन कोण मोडणार? फोनवर नवं पान बघून खूश व्हायचे, तेही तुझ्यासाठीच! मला विचारशील तर मला तो कधीच आवडला नाही. सात वर्षं कपाट पुसता आलं नाही मला!"

सात वर्षं! म्हणजे मी तिच्यासाठी मान वाकडी करून बसलोय, ती माझ्यासाठी धूळ सोसतेय... आणि तो? तो मजेत वाढतोय!

मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे! मग टाकून देऊ या ना सगळंच! ती उठली, स्वयंपाकघरात गेली. सव्वीस बरण्यापेले ओळीने, खिडकीतून ऊन आलेलं, पाण्यात सव्वीस पांढरे झुपके. एक बरणी उचलली तिने. बराच वेळ धरून राहिली. आणि नात झोपलीय की काय अशा हळू आवाजात म्हणाली, "आता कसं रे टाकायचं? तू वाढवलेस हे."

काल कुंड्या आणायला गेलो. सव्वीस. दुकानदार म्हणाला, "वा! वेलांची फार आवड दिसतेय तुम्हाला!"

काय सांगणार त्याला? म्हटलं, "हो... वाढतेय."